कुंडीतली जाई पिवळी पडतेय: फवारायचं की पाणी बदलायचं?

जाई, जुई, मोगरा यांची पानं पिवळी दिसली की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. माझं मत उलटं आहे: आधी माती बघा. मावा (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) आठवडाभर जास्त राहिला म्हणून वेल मरत नाही. मुळं कुजायला लागली असतील तर मात्र वरून काहीही फवारलं तरी पाण्यातच.

फसगत होते ती एका लक्षणामुळे. पाणी कमी पडलं तरी वेल मान टाकते आणि जास्त झालं तरी टाकते. चिखल झालेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे भोवती पाणी असूनही ती ते ओढू शकत नाहीत. आपण कोमेजलेले शेंडे बघून आणखी एक तांब्या ओततो आणि उरलीसुरली मुळंही घालवतो.

म्हणून बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. आत ओल आहे, खालची जुनी पानं पिवळी आणि मऊ पडलीत, मातीला आंबूस वास येतोय, तर पाणी जास्त झालंय. माती कोरडी, कुंडी उचलली तर हलकी, पानांच्या कडा कुरकुरीत आणि कळ्या न उमलताच गळतायत, तर कमी. तहानलेली वेल पाणी मिळाल्यावर बहुधा काही तासांतच सावरते, कुजलेली सावरत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी किंवा सतत ओली माती हे तिचं नेहमीचं कारण.

किडीची खूण वेगळी. पान पिवळं होण्याआधी त्यावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारा धुळीएवढा जीव समजा. पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. पडलेल्या धुळीतले काही कण चालायला लागले की शंका मिटली. पानं चिकट आणि वर काजळी धरलेली असेल, तर मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड यांपैकी कुणीतरी आहे. पानाची मागची बाजू आणि फांद्यांचे बेचके बघा.

पाणी देण्याच्या पद्धतींत रोज थोडं-थोडं शिंपडणं मला सर्वात वाईट वाटतं. वरचा थर ओला दिसतो, तळाची मुळं कोरडी राहतात आणि क्षार साचतात. त्यापेक्षा तळाच्या भोकातून वाहेपर्यंत एकदाच भरपूर द्या आणि वरची दोन-तीन सेंटीमीटर माती सुकेपर्यंत थांबा. टबात कुंडी ठेवून खालून पाणी शोषू देण्याची पद्धत एका प्रसंगी उत्तम: कोकोपीट (कुंडीत भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) इतकं वाळलंय की ते कडेनं सुटलंय. अशा वेळी वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट बाहेर पडतं आणि आपल्याला वाटतं, पोटभर दिलं. अर्धा तास बुडवून ठेवा. कायम मात्र असं करू नका, क्षार वर चढतात. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लास्टिकची उशिरा. पाणी घालताना हात सढळ असेल तर मातीचीच घ्या.

आता फवारणी. साध्या पाण्याची जोरदार धार मावा आणि कोळी यांच्यावर पुष्कळ काम करते, पण पानांच्या मागून मारायला हवी. त्यानंतर साबण आणि कडुनिंबाचं तेल. बागेसाठी मिळणारा पातळ पोटॅशियम साबण लीटरला 10 ते 20 मिली पुरतो. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. ओला असेपर्यंतच तो मारतो, सुकल्यावर असर संपतो. भांड्यांच्या साबणानं पानं भाजू शकतात. कडुनिंबाचं तेल लीटरला 5 मिली, मिसळायला साबणाचे चार थेंब. ते सावकाश काम करतं. किडीचं खाणं आणि वाढ रोखतं. कीड डोळ्यांसमोर मरायला हवी असेल तर साबण, पुन्हा वाढू द्यायची नसेल तर कडुनिंब. दोन्ही संध्याकाळीच फवारा. कोळ्यासाठी चार-पाच दिवसांनी पुन्हा फवारायला लागतंच, कारण उष्ण हवेत त्याची अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पिठ्या ढेकूण दहा-वीसच असतील तर स्पिरिटचा कापूस फिरवणं सर्वात सोपं.

आंतरप्रवाही औषध, म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पसरणारं, इमिडाक्लोप्रिडसारखं, मी फुलणाऱ्या वेलीला देणार नाही. ते मकरंदातही उतरतं आणि मधमाश्यांना मारक ठरतं. शिवाय कोळी हा कीटकच नव्हे, त्यामुळे त्याच्यावर हे चालत नाही. उलट त्याला खाणारे कीटक मेले की तो फोफावतो. कळीला बारीक भोक आणि शेजारच्या कळ्या जाळ्यानं बांधलेल्या दिसल्या तर अळी आत आहे. तिथे साबण पोचत नाही. त्या कळ्या खुडून टाका.

दोन्ही दुखणी एकदम आली तर? माती कोरडी असेल तर सकाळी पाणी, फवारणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तहानलेल्या पानांवर साबण-तेल दोन्ही चटका देतात. माती चिखल असेल तर कुंडी उलटी करून मुळं बघा. निरोगी मूळ फिकट आणि टणक असतं. कुजलेल्याची साल चिमटीत धरून ओढली की निसटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. कुजलेली मुळं कापा, वरच्या फांद्याही त्या मानानं छाटा, नवीन भुसभुशीत मातीत बेताच्या कुंडीत लावा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका. छाटलेल्या फांद्यांबरोबर बरीचशी कीडही जाते. उरलेलीला पाण्याची धार पुरते.