जंताचे औषध पाजावे, टोचावे की पाठीवर ओतावे?

जनावरांचे जंतनिर्मूलन करायचे ठरले की औषध कोणत्या वाटेने द्यायचे हा प्रश्न आधी उभा राहतो. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पोटातल्या जंतांसाठी, त्यातही वासरे आणि कालवडींना, पाजणेच सरस. अट एकच, ते नीट पाजले पाहिजे.

पाठीवर ओतायचे औषध सर्वांत सोयीचे. खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत धार सोडली की काम झाले, शिवाय उवांचाही बंदोबस्त होतो. पण कातडीतून औषध सगळ्या जनावरांत सारखे मुरत नाही. म्हणून आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक टोचताना किलोमागे ०.२ मिलिग्रॅम पुरते, तर ओतताना ०.५ मिलिग्रॅम लागते. त्यातच जनावरे एकमेकांना चाटतात. एकीच्या पाठीवरचे औषध दुसरीच्या पोटात गेले, तर कोणाला किती मिळाले याचा हिशेबच लागत नाही. अर्धवट मात्रेतून वाचलेले जंतच पुढे औषधाला दाद देईनासे होतात, आणि माझी खरी काळजी हीच आहे.

टोचलेले औषध मोजून अंगात जाते. आयव्हरमेक्टिनसारखे औषध बरेच दिवस टिकते, त्यामुळे चरताना नव्याने पोटात गेलेल्या अळ्याही काही काळ मरतात. मात्र तेच औषध दुधातही उतरते. दुभत्या गायीला कोणतेही औषध देण्याआधी बाटलीवरचा दूध न वापरण्याचा काळ वाचलाच पाहिजे.

पाजलेले औषध जंत असतात तिथेच, आतड्यात, थेट पोहोचते. पण ‘पाजायचे औषध’ हे काही एकच औषध नाही, आणि खरी निवड इथे करावी लागते.

अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल जंतांना हळूहळू उपाशी मारतात. जंतांचा त्यांच्याशी जितका जास्त वेळ संबंध येईल तितका परिणाम चांगला. मोठे पोट (रुमेन) इथे साठवणीच्या टाकीसारखे काम करते, औषध तिथून थोडे थोडे पुढे सरकते. दोन्ही औषधे गोलकृमींवर आणि पट्टकृमींवर चालतात. अल्बेंडाझोल वाढीव मात्रेत यकृतातल्या प्रौढ चपट्या कृमींनाही मारते, पण गाभण राहिल्यापासूनच्या पहिल्या ४५ दिवसांत ते देऊ नये. गाय भरली आहे की नाही याची खात्री नसेल तर फेनबेंडाझोल घ्यावे.

लेव्हामिसोल जंतांना लुळे करते. काम झपाट्याने होते आणि औषध शरीरातून लवकर बाहेरही पडते. पण योग्य मात्रा आणि विषबाधा यांत अंतर थोडे आहे. जास्त झाले तर लाळ गळते, अंग थरथरते. पट्टकृमी, चपटे कृमी किंवा चौथ्या पोटाच्या आवरणात दबा धरून बसलेल्या अळ्या यांवर ते भरवशाचे नाही.

यकृतातले चपटे कृमी गोगलगायींमार्फत पसरतात, म्हणून पाणथळ जागी, गोगलगायी असलेल्या कुरणात चरणाऱ्या जनावरांचा विचार वेगळाच करावा लागतो. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः प्रौढ चपट्या कृमींवर चालते. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींनाही मारते. आयव्हरमेक्टिन कोणत्याही वाटेने दिले तरी चपट्या कृमींना काही होत नाही. जबड्याखाली सूज आलेली गाय आयव्हरमेक्टिनने सुधारली नाही, तर या कृमींची शंका घ्यावी.

आता मात्रेकडे वळू. नजरेच्या अंदाजाने वजन बहुतेकदा चुकते. टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० म्हणजे अंदाजे किलो. घेर ५० आणि लांबी ४८ इंच असलेली कालवड साधारण १८० किलोची भरते. अल्बेंडाझोल किलोमागे ७.५ मिलिग्रॅम धरले तर तिला १३५० मिलिग्रॅम लागेल. बाटली २.५ टक्क्यांची असेल तर ५४ मिलिलिटर, १० टक्क्यांची असेल तर साडेतेराच. बाटलीवरचा टक्का न वाचता मात्रा ठरवली तर चौपट चूक होते. आणि बाटली दरवेळी हलवून घ्या, औषध तळाशी बसते.

पाजताना तोंड आकाशाकडे ओढू नये. नाक आणि डोळा एका आडव्या रेषेत आले की पुरे. नळी ओठाच्या कोपऱ्यातून, दातांच्या मोकळ्या जागेतून आत सरकवावी आणि जिभेच्या मागच्या भागावर, गिळण्याच्या गतीने औषध सोडावे. जनावर खोकले किंवा हंबरू लागले तर लगेच थांबून डोके सोडावे. औषध फुफ्फुसात गेले तर जनावर दगावू शकते. वाचलेल्या चार मिनिटांसाठी हा धोका पत्करू नका. गायींना खोड्यात धरायला माणूस नसेल, जनावर बुजरे असेल, तर इथे मी स्वतःच टोचण्याचा पर्याय सुचवेन.

औषध लागू पडले की नाही हे जनावराच्या तकाकीवरून ठरवू नये. औषध देण्याआधी आणि दिल्यावर साधारण १४ दिवसांनी त्याच जनावरांचे ताजे शेण तपासायला द्यावे. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असेल, तर आधी मात्रा आणि पाजण्याची पद्धत तपासावी. दोन्ही बरोबर असतील तर पशुवैद्यकाला विचारून औषधाचा गटच बदलावा. अल्बेंडाझोलऐवजी फेनबेंडाझोल आणणे म्हणजे गट बदलणे नव्हे. दोन्ही एकाच गटातली आहेत.