प्लेट कापायच्या आधी प्रेशर विचारणारं दुकान (पाचपैकी चार)

साखर कारखान्यात फिटर म्हणून माझे २२ सिझन झाले. ऑफ सिझनला बॉयलिंग हाऊसच्या (रस उकळून साखर करतात तो भाग) लायनी खोलायच्या म्हणजे आधी ब्लाइंड हवेत, पाइपच्या जोडात घालून लाइन बंद करायच्या गोल प्लेटा. यंदा निपाणीहून बेळगावला आलो, तिसऱ्या गेटच्या पुढं उद्यमबागेत. दुकान कसलं, दोन लेथ आणि एक गॅस कटर.

पोराला म्हटलं, आठ इंचीचे सहा ब्लाइंड दे. तो म्हणाला, "मामा, प्रेशर किती हाय ते सांगा आधी. फ्लँज दीडशे क्लासचा की तीनशेचा?" मी बघतच राहिलो. फ्लँज म्हणजे पाइपच्या टोकाची बोल्ट मारायची चकती, क्लास म्हणजे ती किती प्रेशर झेलते त्याचा दर्जा. आमच्याकडं हाताला लागेल तो पत्रा गोल कापून घुसवायची रीत. दहा किलो प्रेशरच्या (दर चौरस सेंटीमीटरला) स्टीमला आठ इंचीच्या प्लेटवर ३ टनांवर भार येतो. मालकानं वहीत गणित मांडलं, साडेसात एमएम आलं, वर गंजाचं धरून १० एमएमची प्लेट कापली. प्लेटच्या शेपटीवर (धरायच्या पट्टीवर) साईज, क्लास, जाडी पंच केलेली. शेपटी फ्लँजच्या बाहेर राहते, त्यामुळं आत ब्लाइंड आहे हे लांबनं कळतं.

वाल्व बंद केला की झालं, असं मीही मानायचो. एकदा पंप बंद, वाल्व बंद, पण सीटवर खपली अडकून वाल्व पास करत होता, म्हणजे बंद असून आतनं गळत होता. ड्रेन उघडून बघितलं नाही, वर फ्लँजचा जवळचा बोल्ट आधी ढिला केला. कॉस्टिकची (कातडी भाजणाऱ्या सोड्याची) धार थेट मनगटावर. डाग अजून आहे. आता आधी ड्रेन, मग बाजूला उभं राहून लांबचा बोल्ट.

लॉकआउटचा, म्हणजे काम चालू असताना कुणी वाल्व उघडू नये म्हणून कुलपं लावायचा, डबाही तिथंच घेतला: वाल्वच्या चाकावर बसणारी लाल टोपणं, सहा कुलपं लागणारा हॅस्प (कडी), बारा कुलपं. टॅग कन्नड आणि मराठी दोन्हीत छापून दिले. आमच्या शिफ्टला दोन्ही वाचणारे आहेत. पाट्यांवरनं भांडणारे काय बॉयलिंग हाऊसात येत नाहीत.

एक स्टार कापला तो कुलपांमुळं. घरी येऊन एकेक किल्ली लावून बघितली, तर दोन कुलपं एकाच किल्लीनं उघडली. माझ्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल तर ते लावून उपयोग काय? बदलून दिली, पण त्यासाठी पुन्हा ७५ किलोमीटर.

गास्केट (फ्लँजमधली गळती थांबवणारी चकती) मात्र तिथनं घेऊ नका. स्टीमला लागणारी स्पायरल वाउंड (पत्र्याची पट्टी गुंडाळलेली) ठेवत नाहीत, रबरी गळ्यात मारायला बघतात.