मे महिन्यात सगळ्यांनी जमायचं: गावचा वाडा की म्हैसमाळ?

मामेबहीण परवा फोनवर म्हणाली, "ताई, यंदा पंचवीस जण जमतोय. गावाकडे बोलवू की म्हैसमाळला जाऊ?" म्हैसमाळ म्हणजे मराठवाड्यातलं थंड हवेचं ठिकाण. आम्ही दोन्ही केलंय, म्हणून सांगते.

खर्चात गाव स्वस्त. केशर आंब्याच्या चार पेट्या आणल्या की रसाची पंगत उठते. म्हैसमाळला खोल्या, गाड्या, जेवण सगळंच विकत.

ऊन मात्र खरं. मेमध्ये मराठवाड्यात पारा 40 च्या वर जातो, दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. पण रात्री माळवदावर, म्हणजे वाड्याच्या मातीच्या सपाट छतावर, पाणी शिंपडून सतरंज्या टाकल्या, आजीच्या उशाशी तांब्या, दोन्ही बाजूंना नातवंडं, की गप्पा पहाटेपर्यंत चालतात. हॉटेलात तीन-तीन जणांच्या खोल्यांत हे होत नाही. म्हैसमाळची संध्याकाळ गार, गिरिजादेवीचं दर्शन होतं, वेरूळची लेणीही जवळच.

कष्टांचं म्हणशील तर गावात सुनांची कंबर मोडते, त्यांचीही सुट्टीच असते. आचारी लावच. टँकरही आधी सांगून ठेव.

आजी-आजोबांना प्रवास झेपत नसेल, चार दिवस राहायचं असेल, तर गाव. एक-दोन दिवसांचीच सवड असेल आणि तान्ही बाळं सोबत असतील, तर म्हैसमाळ.