सरकारने आजारपणाचा खर्च उचलला की सोशालिझम येतो का? ब्रिटन, कॅनडा, जर्मनी आणि अमेरिका शेजारी ठेवून

निवडणूक जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी घरांत हा वाद हमखास निघतो. कुणी म्हणतं एवढा श्रीमंत देश आहे, सरकारने सगळ्यांनाच हेल्थ इन्शुरन्स द्यायला पाहिजे, आणि लगेच समोरच्या सोफ्यावरचे काका म्हणतात म्हणजे सोशालिझमच की, आम्ही लायसन्स राज बघितलंय, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलोय, ते परत नको. दोघंही मनापासून बोलत असतात आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं. मुख्यतः ज्यांना नुकतीच सिटिझनशिप मिळालीय आणि पहिल्यांदा मत द्यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, पण लंडन, टोरांटो किंवा म्युनिकची ऑफर हातात असेल त्यांनाही कामाला येईल.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. हॉस्पिटल कुणाच्या मालकीचं? बिल कोण भरतं? आणि त्या बिलावरचा आकडा कोण ठरवतं? सोशालिझम म्हणजे कारखाने, खाणी, रेल्वे असल्या गोष्टींची मालकी समाजाकडे म्हणजे व्यवहारात सरकारकडे असणं, तेव्हा त्याचा खरा संबंध फक्त पहिल्या प्रश्नाशी येतो. भांडण मात्र कायम दुसऱ्यावरून होतं. आणि माझं मत आत्ताच सांगून टाकते, आपल्या खिशाला सगळ्यात जास्त फरक पडतो तो तिसऱ्या प्रश्नाने, ज्याच्यावर कुणी फारसं बोलतच नाही.

ब्रिटनपासून सुरू करू, कारण सोशालिझम हा शब्द कुठे खरंच लागू पडत असेल तर तिथे. ५ जुलै १९४८ ला एनएचएस म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस, तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, पंतप्रधान ॲटलींचं लेबर सरकार होतं आणि आरोग्यमंत्री होते अनायरिन बेव्हन, वेल्सच्या खाणकामगाराचा मुलगा आणि स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारा माणूस. देशातली बहुतेक सगळी हॉस्पिटलं एका फटक्यात सरकारच्या ताब्यात आली. खर्च मुख्यतः टॅक्समधून, आणि पेशंटला ऑपरेशन झालं, ॲडमिट झालं तरी बिलच येत नाही. पण इथेसुद्धा गंमत बघा, फॅमिली डॉक्टर, ज्यांना तिकडे जीपी म्हणतात, ते त्या दिवसापासून आजपर्यंत बहुतांशी स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टवरच काम करतात, आणि मोठ्या स्पेशालिस्ट लोकांना बेव्हनने प्रायव्हेट प्रॅक्टिसची परवानगी देऊन राजी केलं. पुढे १९५१ ला चष्म्याला आणि कवळीला पैसे लावायचं ठरलं तेव्हा बेव्हनने राजीनामा दिला. आज इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर दर आयटमला ९.९० पौंड पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत.

वाईट बाजूही तितकीच खरी आहे. रेफर केल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत असं त्यांचं टार्गेट आहे आणि ते २०१६ पासून पूर्ण झालेलं नाही. इंग्लंडची वेटिंग लिस्ट २०२३ मध्ये ७७ लाखांपर्यंत गेली होती. गुडघा बदलायचाय, मोतीबिंदू काढायचाय, अशा जिवावर नाही पण रोज छळणाऱ्या दुखण्यांना तिथे खरंच थांबावं लागतं आणि ज्यांना परवडतं ते प्रायव्हेटला जातात. तरीसुद्धा पंतप्रधान मार्गारेट थॅचर, ज्यांनी सरकारी टेलिफोन कंपनी विकली, गॅस विकला, त्यांनीही एनएचएस विकायची हिंमत केली नाही.

कॅनडाचं वेगळं आहे, आणि अमेरिकेत ज्याला सिंगल पेयर म्हणतात, म्हणजे सगळ्यांची बिलं एकट्या सरकारने भरायची, ते हेच. तिथले बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाहीत, स्वतःचं क्लिनिक चालवतात, फक्त बिल पेशंटला न देता प्रांताच्या सरकारला पाठवतात. हे सुरू झालं सॅस्कॅचवान नावाच्या गव्हाच्या प्रांतात. टॉमी डग्लस तिथले प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री, लहानपणी हाडाच्या आजाराने त्यांचा पाय कापायची वेळ आली होती, घरी पैसे नव्हते, एका सर्जनने फुकट ऑपरेशन केलं म्हणून पाय वाचला, आणि हे नशिबावर अवलंबून असू नये असं त्यांच्या मनात बसलं. त्यांनी १९४७ ला हॉस्पिटलचा सरकारी विमा आणला, मग त्यांच्याच सरकारने डॉक्टरांच्या फीसाठीही कायदा आणला. तो १ जुलै १९६२ ला लागू झाला त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी संप सुरू केला, २३ दिवस चालला. शेवटी तडजोड झाली आणि १९६६ च्या कायद्याने हीच पद्धत देशभर न्यायचा रस्ता मोकळा झाला. तोटा म्हणाल तर स्पेशालिस्टसाठी लांब रांग, फॅमिली डॉक्टर न मिळणं ही तिथल्या लोकांची नेहमीची तक्रार, आणि मूळ योजनेत हॉस्पिटलबाहेरची औषधं आणि दात धरलेलेच नव्हते, त्यामुळे त्यासाठी अजूनही बरेच जण नोकरीतल्या विम्यावर अवलंबून असतात.

जर्मनी मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. तिथला आरोग्य विमा १८८३ चा आहे आणि तो आणला बिस्मार्कने. बिस्मार्क म्हणजे जर्मनीचा तेव्हाचा चॅन्सलर, ज्याने १८७८ ला समाजवाद्यांच्या सभा, संघटना, छापखाने यांच्यावर बंदीचा कायदा आणला तो माणूस! कामगारांनी समाजवाद्यांकडे जाऊ नये म्हणूनच त्याने त्यांना आजारपणाचा विमा दिला. म्हणजे सरकारने आरोग्यात हात घातला की सोशालिझम येतो हे गणित पहिल्याच उदाहरणात चुकतं. तिथे आजही सरकार बिल भरत नाही आणि विमाही विकत नाही. क्रांकेनकासे नावाचे ना-नफा विमा फंड आहेत, नव्वदच्या आसपास, त्यातला हवा तो निवडायचा, पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या फंडाचा थोडा जादा हप्ता, अर्धे तुमचे अर्धे कंपनीचे, ठराविक पगाराच्या वरच्या रकमेवर कापत नाहीत. न कमावणारा नवरा किंवा बायको आणि मुलं त्याच हप्त्यात. हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला १० युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. हॉस्पिटलं काही म्युनिसिपालटीची, काही चर्चची, काही नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांची. पगार बराच जास्त असेल तर प्रायव्हेट विमा घेता येतो, आणि प्रायव्हेटवाल्याला स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट लवकर मिळते यावरून तिथे लोक चिडतातही. सरकार करतं काय, तर विमा सक्तीचा करतं, आणि डॉक्टरांच्या संघटना आणि विमा फंड यांनी समोरासमोर बसून दर ठरवायचे अशी चौकट घालून देतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे असं सापडतं.

आता अमेरिका. इथे सोशालिझम हा शब्द शिवीसारखा का झाला त्याला इतिहास आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी १९४५ ला राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला, शीतयुद्ध सुरू होत होतं, आणि डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, जाहिरात कंपनी लावून हा समाजवादी वैद्यकीय कारभार आहे असा प्रचार देशभर केला. १९६१ मध्ये त्याच संघटनेसाठी रोनाल्ड रेगन यांनी याच विषयावर भाषणाची ग्रामोफोन रेकॉर्ड केली, तेव्हा ते अजून राजकारणात उतरलेले नव्हते. म्हाताऱ्यांसाठी सरकारी विमा आला तर पुढे सगळं स्वातंत्र्य जाईल असा त्यातला मुद्दा. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी मेडिकेअरवर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या त्याच सरकारी विम्यावर, सही केली आणि पहिलं कार्ड ट्रुमनना दिलं. स्वातंत्र्य गेलं नाही. रेगन स्वतः पुढे आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, त्यांनी मेडिकेअर बंद केली नाही, उलट १९८६ मध्ये ज्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला पैसे नाहीत म्हणून हॉस्पिटलला परत पाठवता येत नाही त्याच्यावर त्यांचीच सही आहे.

मग आज अमेरिकेत नेमकं काय आहे तर सगळंच थोडं थोडं. निवृत्त सैनिकांसाठी व्हीए म्हणजे माजी सैनिक खात्याची हॉस्पिटलं आहेत, इमारत सरकारची, डॉक्टर सरकारी पगारावर, म्हणजे ब्रिटनपेक्षाही जास्त समाजवादी, आणि त्याला कुणी देशद्रोही म्हणत नाही. ६५ च्या वर मेडिकेअर, बिल सरकार भरतं, डॉक्टर खाजगी. गरिबांना मेडिकेड, पण टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांनी ते थोड्या जास्त कमाईवाल्यांपर्यंत वाढवलं नाही त्यामुळे त्याच पगाराचा माणूस न्यूजर्सीत कव्हर होतो आणि डॅलसला नाही. बाकी आपण सगळे नोकरीच्या विम्यावर, आणि ही पद्धत कुणी विचार करून बनवलेलीच नाही, दुसऱ्या महायुद्धात पगार गोठवले होते तेव्हा कंपन्यांनी माणसं टिकवायला विमा द्यायला सुरुवात केली, त्यावर टॅक्स लागला नाही, आणि तेच कायम झालं.

२०१० चा ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा, यातला कुठलाच मालक बदलत नाही. आधीपासून आजार आहे म्हणून विमा नाकारता येणार नाही, मुलं २६ वर्षांपर्यंत आई-बापांच्या प्लॅनवर राहू शकतात, आणि खाजगी कंपन्यांचा विमा घ्यायला सबसिडी. त्याच्या आधी २००६ मध्ये असाच कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरने केला होता. याला सोशालिझम म्हणायचं तर शब्दाला काही अर्थच उरत नाही. सिनेटर बर्नी सँडर्स सगळ्यांना मेडिकेअर द्या म्हणतात आणि स्वतःला डेमोक्रॅटिक सोशालिस्ट म्हणवतात, तरी त्यांची योजनाही कॅनडासारखीच, बिल सरकारचं, हॉस्पिटल ज्याचं त्याचं.

काकांच्या भीतीबद्दल. आपल्याकडे सरकारी म्हटलं की ससूनची गर्दी नाहीतर केईएमच्या ओपीडीबाहेरची पहाटेची रांग डोळ्यासमोर येते, ते साहजिक आहे. पण महाराष्ट्रातच महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सरकार पैसे भरतं आणि पेशंट खाजगी हॉस्पिटलातही जातो, म्हणजे मालकी आणि पैसे या दोन गोष्टी आपल्या गावीही वेगळ्या झाल्यात. आणि तिथलं भांडण कशावरून, तर पॅकेजचे दर परवडत नाहीत असं हॉस्पिटलं म्हणतात. परत तिसराच प्रश्न.

अमेरिकेत हा तिसरा प्रश्न मोकाट सुटलाय. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या वर आरोग्यावर जातात, बाकी तिन्ही देशांत ११-१२ च्या आसपास, आणि तिकडे सगळे कव्हर असतात, इकडे अडीच कोटींच्या वर लोक बिनविम्याचे. अमेरिकन माणूस काही जास्त वेळा डॉक्टरकडे जात नाही, प्रत्येक गोष्टीचा दरच जास्त आहे. त्याच हॉस्पिटलात त्याच ऑपरेशनला खाजगी विमा कंपनी मेडिकेअरच्या बऱ्याचदा दुपटीहून जास्त पैसे देते. कंपनीकडून मिळणाऱ्या फॅमिली प्लॅनचा वर्षाचा सरासरी हप्ता २०२४ मध्ये २५ हजार डॉलरच्या वर होता, त्यातला मोठा भाग कंपनी भरते म्हणून पे स्लिपवर दिसत नाही, पण तो तुमचाच न मिळालेला पगार आहे. टॅक्स वाढेल म्हणून सरकारी विमा नको म्हणणाऱ्यांनी हा आकडा टॅक्सच्या शेजारी ठेवून बघावा. मेडिकेअरला तर २००३ च्या कायद्याने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायलाच मनाई होती, ती २०२२ च्या कायद्याने थोडी उठली, पहिल्या १० औषधांचे ठरवलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेत. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की भाव पाडले तर नव्या औषधांवरचं संशोधन आटेल, आणि हा मुद्दा मी हलका धरत नाही, नवीन औषधांच्या कंपन्यांना जगात सगळ्यात जास्त कमाई अमेरिकेतूनच होते. पण ते ओझं एकट्या अमेरिकन पेशंटने का उचलायचं याचं उत्तर मला आजवर पटेल असं मिळालेलं नाही.

ठरवायचं कसं? तुम्ही तिशीत आहात, मोठ्या कंपनीत आहात, तब्येत ठणठणीत, तर निव्वळ हिशोबाने आज अमेरिकाच परवडते, हातात पगार जास्त उरतो आणि चांगला प्लॅन असेल तर स्पेशालिस्टही पटकन मिळतो. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण एच-वन-बीवर असाल तर नोकरी गेली की व्हिसाला साधारण ६० दिवस मिळतात आणि त्याच सुमारास विमाही जातो, कोब्रा, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा काही काळ चालू ठेवायची सोय, घ्यायचा तर पूर्ण हप्ता वर दोन टक्के स्वतःच्या खिशातून, ज्या महिन्यात पगार नाही त्याच महिन्यात. घरात कुणाला डायबेटिस, कॅन्सर, किडनीचं काही असेल किंवा नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायचा असेल तर ही बेडी फार जड होते, आणि कितीतरी हुशार मुलं-मुली केवळ विम्यासाठी नको त्या नोकरीत अडकलेली मी बघितलीत. त्यांच्यासाठी जर्मनी किंवा कॅनडा खरंच जास्त मोकळा देश आहे. ब्रिटन मी तिसऱ्या नंबरवर ठेवेन, रांगेमुळे, आणि व्हिसाबरोबर मोठ्यांना माणशी वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांना त्याहून थोडा कमी असा आरोग्य सरचार्ज आगाऊ भरावा लागतो म्हणून, चौघांच्या घराला ते जाणवतं.

आणि मत देणाऱ्यांसाठी, मी स्वतः जर्मनीच्या वाटेने जाणाऱ्याला मत देईन, म्हणजे विमा सगळ्यांना सक्तीचा, नोकरीपासून सुटा, आणि दर एकत्र बसून ठरवलेले. तसा उमेदवार मिळाला नाही तर निदान मेडिकेअरची घासाघीस आणखी औषधांना लावणारा आणि ६५ च्या आतल्यांनाही सरकारी विम्याचा एक पर्याय देणारा. तो स्वतःला काय म्हणवतो किंवा विरोधक त्याला काय म्हणतात ते मी बघत नाही, टाऊन हॉलला गेलात तर एवढंच विचारा की माझ्या एमआरआयचा दर कोण ठरवणार.

राहिला आई-बाबांचा प्रश्न. भेटीला येणाऱ्या पालकांना या चारातला कुठलाच देश फुकटात सांभाळत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसाला, म्हणजे पालकांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसाला, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा विमा लागतो, जर्मनीच्या शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचा, ब्रिटनमध्ये इमर्जन्सी विभागात तपासतात पण ॲडमिट केलं तर बिल येतं आणि तेही नेहमीच्या दराच्या दीडपट, आणि अमेरिकेत व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुने बीपी-शुगरचे आजार बहुतेक नीट कव्हर होत नाहीत. ग्रीन कार्डवर आणलंत तरी ६५ च्या वरच्यांना मेडिकेअर विकत घ्यायला आधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. तिकिटं काढण्याआधी पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा, आणि त्यांची रोजची औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, प्रिस्क्रिप्शनसकट, तिकडूनच बरोबर आणायला सांगा.