संगणकाची किरकोळ दुरुस्ती : घरी करावी की दुकानात न्यावी?

घरचा संगणक स्वतः उघडावा की दुकानात न्यावा, हा प्रश्न गोव्यात बहुधा पावसाळ्यातच पडतो. दमट हवेने आणि किनाऱ्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने धातूच्या जोडांवर मळकट थर बसतो, आणि पुष्कळदा बिघाड एवढाच असतो. निर्णय घेताना मी एकच गोष्ट पाहतो : संशय आहे तो भाग खाचेतून सुटा होणारा आहे, की सोल्डर करून पक्का बसवलेला.

सुट्या भागांत रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचा, त्रास सर्वांत जास्त. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. गेल्या श्रावणात आमच्या फोंड्याच्या घरी असेच झाले, तेव्हा वीज तोडून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि रॅमची पट्टी काढली. तिचे सोनेरी दात तपकिरी पडले होते. मुलाच्या खोडरबराने ते हलक्या हाताने पुसले, चुरा कोरड्या ब्रशने झाडला आणि दोन्ही टोकांचे खटके टक् वाजून बसेपर्यंत पट्टी दाबली. हेच काम दुकानात करायचे, तर कॅबिनेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्कूटरवर न्यायचे, दुपारी दुकान बंद असेल तर चार वाजेपर्यंत थांबायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा फेरी मारायची.

तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा (ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवरचा) 3 व्होल्टचा सीआर2032 सेल बदलावा. त्यासाठी दुकान गाठण्याचे कारण नाही.

दुकानाचे खरे बळ हत्यारांत नसून सुट्या मालात आहे. तिथे चालू असलेली दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) लावून पाहता येतो, त्यामुळे दोष नेमका कशात आहे ते घटकेत कळते. घरी मात्र अंदाजाने भाग विकत घ्यावा लागतो, आणि अंदाज चुकला की बचत तिथेच संपते. रॅमच्या पिढ्याही वेगवेगळ्या : डेस्कटॉपची डीडीआर3 रॅम 240 पिनांची, डीडीआर4 288 पिनांची. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर न लावता ती चुकीची आणली आहे असे समजावे.

एसएमपीएस अख्खा बदलायला माझी हरकत नाही, परंतु त्याचे झाकण घरी कधीही उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ राहू शकतो. विजा कडाडल्यानंतर बंद पडलेला मदरबोर्डही दुकानाचाच विषय. लॅपटॉपच्या बाबतीत मी अधिक भित्रा आहे : पट्टीसारख्या बारीक केबलींची कुलुपे नखाच्या धक्क्यानेही तुटतात, आणि फुगलेल्या बॅटरीला घरात हात लावणे हा शहाणपणा नव्हे. वॉरंटी शिल्लक असेल, तर अधिकृत सेवा केंद्राशिवाय कोणाकडेही देऊ नये.

दुकानात द्यायचे ठरलेच, तर संगणक सुरू होत असल्यास आधी फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. सुरूच होत नसेल, तर हार्डडिस्क काढून घरी ठेवावी आणि तिच्याविनाच तपासणी करायला सांगावे. पडदा उजळतो की नाही, हे पाहायला तिची गरज लागत नाही.