निगेटिव्हसाठी स्कॅनर: एप्सन व्ही ६०० आणि प्लसटेक ८२००आय

आमच्याकडे दोन प्रकारच्या निगेटिव्ह आहेत. आजोबांच्या आग्फा क्लिक थ्रीवर काढलेल्या १२० रोलच्या, म्हणजे ६ बाय ६ सेंटिमीटरच्या, आणि काकांच्या ३५ एमएमच्या. सगळ्या कृष्णधवल, ट्रंकेत वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेल्या. आधी एका दुकानात स्कॅन करायला दिल्या, तर परत आल्या त्या छोट्या जेपेग फायली आणि बोटांचे ठसे. तेव्हाच ठरवलं, स्कॅनर घरी आणायचा.

पहिल्यांदा एप्सन पर्फेक्शन व्ही ६०० घेतला, कारण त्यात दोन्ही आकारांच्या पट्ट्या बसतात. खोक्यावर ६४०० डीपीआय (म्हणजे एका इंचात टिपले जाणारे ठिपके) लिहिलेलं असतं, पण त्या आकड्यावर जाऊ नका. चाचण्यांमध्ये खरा तपशील साधारण १६०० डीपीआयच्या आसपासच मोजला गेला आहे. ६४०० वर ३५ एमएमची एक फ्रेम ४८ बिट रंगांत स्कॅन केली तर फाइल सव्वातीनशे एमबीच्या आसपास जाते. डिस्क भरते, तपशील मात्र वाढत नाही.

पण १६०० सुद्धा कुणाला पुरतात, हे नीट बघा. ६ बाय ६ची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची. तिच्या एका बाजूचे साडेतीन हजार पिक्सेल होतात, म्हणजे ३०० डीपीआयने जवळजवळ बारा इंचांचा चौकोनी प्रिंट. क्लिक थ्रीचं भिंग मुळात साधं, त्याने टिपलेलं सगळं यात येतं. वाड्याच्या ओसरीवर पापड वाळत घालणारी आजी मी बारा इंचांवर छापून भिंतीवर लावली आहे, आणि तिच्या लुगड्याचे काठ स्पष्ट दिसतात.

३५ एमएमला हेच गणित पाच बाय साडेसात इंचांवर येऊन थांबतं. काकांनी आईच्या लग्नात रुखवताचे फोटो काढले होते. भांडी ओळीने मांडलेली, प्रत्येकावर नाव घातलेलं. व्ही ६०० वर ती अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. मैत्रिणीचा प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आय पंधरा दिवसांसाठी आणला आणि तीच पट्टी त्यात घातली. त्याच्यावर ७२०० लिहिलेलं आहे, खरे तीन हजारांच्या पुढे मिळतात, म्हणजे दहा बाय पंधरा इंचांचा चांगला प्रिंट. हा फक्त ३५ एमएम घेतो, १२० त्यात जातच नाही. होल्डर, म्हणजे फिल्म धरणारी चौकट, प्रत्येक फ्रेमला हाताने पुढे सरकवावा लागतो, त्यामुळे छत्तीस फ्रेम म्हणजे अख्खी संध्याकाळ.

धूळ काढणाऱ्या इन्फ्रारेडच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजणार असाल तर आधी आपली फिल्म बघा. रंगीत निगेटिव्हवर ती फार छान चालते. इन्फ्रारेड जिथे अडतं तिथे धूळ आहे असं स्कॅनर धरतो, पण साध्या कृष्णधवल फिल्ममधली चांदीच इन्फ्रारेड अडवते, मग स्कॅनरला सगळं चित्रच धूळ वाटतं. आम्हाला ती बंदच ठेवावी लागली. हवेचा फुगा, सुती हातमोजे आणि नंतर संगणकावर एकेक ठिपका पुसणं, हाच मार्ग.

गुंडाळलेली १२०ची पट्टी होल्डरमध्ये मध्येच फुगते आणि काचेला टेकली की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. व्ही ६०० च्या होल्डरची उंची बदलता येत नाही. त्याच कंपनीच्या व्ही ८५० मध्ये ती बदलते, शिवाय वर्तुळं टाळणारी काचही होल्डरलाच असते. आम्ही पट्ट्या बटरपेपरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबल्या. हे काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत फिल्म चिकटते आणि तिला बुरशी लागते.

फक्त ३५ एमएम असेल तर सरळ प्लसटेक घ्या. १२० जास्त असेल तर व्ही ६०० पुरेसा आहे. आमच्याकडे दोन्ही असल्यामुळे मी शेवटी दुसराही घेतला.

रुखवताच्या त्या पट्टीतल्या चौथ्या फ्रेममध्ये एक तांब्याचा हंडा आहे. स्क्रीनवर मोठा केला तर अक्षरं लागली: ‘मामांकडून सप्रेम भेट’. आईला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, तो हंडा अजून परसात आहे, त्यात तुळस लावलीय."