आबोल ताबोल : काटेकोर वेडेपणाचं पुस्तक

सुकुमार रायांचं हे बंगाली कवितांचं पुस्तक सप्टेंबर १९२३ मध्ये आलं. त्याच्या नऊ दिवस आधी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते काळ्या आजाराने गेले होते. आज शंभर वर्षांनंतरही लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला याच्या तोडीचं पुस्तक क्वचितच सापडेल.

सुरुवात 'खिचुडी' या कवितेपासून करा. 'हाँस छिल, सजारू, (ब्याकरण मानि ना) / हये गेल हाँसजारू, केमने ता जानि ना.' हाँस म्हणजे बदक, सजारू म्हणजे साळिंदर; दोघांचा झाला हाँसजारू, कसा ते कवीलाही ठाऊक नाही. बंगालीत 'स' बहुधा 'श'सारखा उच्चारतात, तसंच वाचा. ठेका आपोआप सापडतो. व्याकरण मानत नाही म्हणणारा कवी सांधा मात्र चोख बसवतो : पहिल्या प्राण्याचं शेवटचं अक्षर तेच दुसऱ्याचं पहिलं. हाती आणि तिमि (देवमासा) मिळून हातिमि, सिंह आणि हरिण मिळून सिंहरिण. म्हणून शब्दशः भाषांतर इथे फसतं. 'बदक' संपतं 'क'वर आणि 'साळिंदर' सुरू होतं 'सा'ने, सांधा बसतच नाही.

मराठीत खेळायचं तर जोड्या नव्याने शोधाव्या लागतात. बदक-कासव : बदकासव. मोर-रेडा : मोरेडा. कासव-वाघ : कासवाघ. मुलं घाईत 'हत्तीउंदीर' करतात आणि कुणी हसत नाही, कारण जीभ कुठे घसरतच नाही. शब्द जमला की चित्र काढायला सांगा, मग त्या प्राण्याची अडचण विचारा. हातिमिची अडचण पुस्तकातच आहे : देवमाशाला पाण्यात जायचंय, हत्तीला जंगलात.

'एकुशे आइन' सहा-सात वर्षांच्या मुलांना फार आवडते. त्या राज्यात पाय घसरून पडलं तर एकवीस रुपये दंड, आणि विनातिकीट शिंकणाऱ्याला तपकीर घालून एकवीसदा शिंकायला लावतात! वाचताना कारणं समजावू नका, कायदे गंभीर आवाजात जाहीर करा. 'सत्पात्र' मात्र थोडी उशिरा घ्यावी. एकोणीसदा मॅट्रिक नापास झालेल्या नवरदेवाची ती भलामण लग्नाच्या बोलण्यांतला खोटेपणा कळल्याशिवाय उमगत नाही.

चित्रं सुकुमारांनी स्वतः काढलेली आहेत आणि निम्मी गंमत त्यांत आहे. विकत घेताना तीच छापली आहेत ना, हे आधी पाहा. बंगाली लिपी येत नसेल तर सुकांत चौधुरींचा इंग्रजी अनुवाद घ्या, पण मूळ कविता एखाद्या बंगाली माणसाच्या तोंडून एकदा तरी ऐकवाच.